उलट्या रेघा

मास्टरनं भिंतीवरून कुपनांचं पुस्तक काढलं, एक कुपन टरकन फाडलं आणि पुस्तक परत खिळ्याला अडकवलं. हे कॉफीघराच्या या मालकाचं रोजचंच. ‘रिन्दो’ कॉफीघराच्या त्या भिंतीवर नेहमीच्या गिऱ्हाइकांची अशी शंभर-सव्वाशे पुस्तकं लटकलेली. एकदम विकत घ्यायची, वर आडनाव घालून इथंच ठेवायची, आलं की मास्टर एक फाडणार, पिशवीत हात घालायचं कामच नाही. पण आज ते पुस्तक जरा तिरकं राहिलं, खिडकीतलं नोव्हेंबरचं ऊन नेमकं त्याच्यावर पडलं आणि किकुएच्या हातातला टोस्ट तोंडाशी जाता जाता थांबला. नाव तिचंच होतं. उकाई. अक्षर मात्र मास्टरचं नव्हतं. मास्टरचं अक्षर बारीक, काटकोनी, बिलावर लिहितो तसं. हे मोठं होतं, थोराड, कडेबाहेर सांडेल असं, आणि त्यात काहीतरी बिघडलेलं होतं. काय बिघडलंय ते कळायला तिला अर्धा टोस्ट लागला. जपानी अक्षरातली आडवी रेघ डावीकडून सुरू होते, तिथं कुंचला टेकतो, तिथं शाई जास्त बसते. शाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. या नावातल्या सगळ्या रेघांची जाड टोकं उजवीकडे होती. कापड उलट्या अंगानं पाहावं तसं नाव दिसत होतं. आपलं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कुणी मुद्दाम लिहावं, तसं.

“मास्टर, हे पुस्तक कधी लागलं?”

“कुठलं?” मास्टरनं बरा कान पुढे केला.

“उकाई.”

“जुनं संपलं, नवं लागलं.”

“पण मी नवं घेतलंच नाही.”

मास्टरनं पुसलेला कप पुन्हा पुसायला घेतला. “कॉफी कडू झालीय का आज?”

“नाही.”

“मग गरम आहे तोवर घ्या, वहिनी.”

शेजारच्या टेबलावरच्या दोघी बायका हसल्या. त्यांच्याच कशाला तरी हसल्या असतील, पण किकुएचे कान तापले. पुढं विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण विचारलं की उत्तर येतं. उत्तरात कुणाचं नाव असेल ते तिला ठाऊक होतं, निदान तसं वाटत तरी होतं. ऑगस्टच्या अखेरीला घेतलेलं दहा कुपनांचं पुस्तक नोव्हेंबर निम्मा सरला तरी पुरतंय, हे तिच्या ध्यानात आधीच यायला हवं होतं. आलं नव्हतं असं तरी कसं म्हणावं? काही सुखं इतकी बारीक असतात की त्यांच्याकडे रोखून पाहिलं तर ती उडून जातील अशी भीती वाटते. तिनं पाहिलं नव्हतं एवढंच. मंगळवारी आणि शुक्रवारी पावणेनऊला म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळणाऱ्या सेंटरची गाडी सासूबाईंना घेऊन जाई. अकराला तिला डबे भरायच्या स्वयंपाकघरात उभं राहायचं असे. मधल्या दोन तासांत किकुए वाचनालयात असते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वाचनालयात ती जातही असे. पण आधी इथं, कोपऱ्यातल्या टेबलावर, जाडजूड टोस्ट, त्यावर वितळणारं लोणी आणि अझुकीच्या लाल दाण्यांचं गोड पुरण, उकडलेलं अंडं, कॉफी, आणि पुढ्यात उघडलेले प्रबंधाचे कागद. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पत्राद्वारे चालणाऱ्या विद्यापीठाची शेवटची पायरी. डिसेंबरात प्रबंध दिला की झालं. उकाई म्हणजे पाणकावळे पाळणारे. सासरच्या माणसांचे कुणी पूर्वज नदीवर पाणकावळ्यांच्या गळ्याला दोरी बांधून मासे धरवत असतील. लग्न होऊन आली त्या वर्षी ते बघायला नेलं होतं तिला. दोरी अशी बांधतात म्हणे, की मोठा मासा घशात अडकतो, तो मालकाचा. बारके मासे खाली उतरतात, ते पक्ष्याचे. तेव्हा ती हसली होती. अलीकडं टोस्टचा पहिला घास गिळताना तिला ते आठवे आणि हात आपोआप गळ्याशी जाई.

आणि आता कुणीतरी तो बारका मासाही मोजत होतं.

तोशिमित्सुच असणार. तिचा नवरा एका विणकाम कारखान्यात तपासनीस आहे. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापडाचा ताका सरकत जातो आणि तो दोष शोधतो: तुटलेला धागा, दुहेरी धागा, तेलाचा ठिपका. सापडला की कडेला लाल दोऱ्याची खूण करायची, बोलायचं काही नाही. अठ्ठावीस वर्षं हेच काम करणारा माणूस घरी येऊन डोळे मिटून थोडाच बसतो? जेवताना तो वाटीची कड बघतो. मुलीच्या, मिओरीच्या, शाळेच्या कोटाची शिवण बघतो. चार वर्षांपूर्वी किकुएनं शिकायचं म्हटलं तेव्हा तो नाही म्हणाला नव्हता. म्हणाला होता, “आईचं जेवण वेळेवर, मिओरीचा डबा वेळेवर, आणि घरात कुणाला ताप आला तर पुस्तक मिटायचं. एवढं जमतंय तोवर माझं काही म्हणणं नाही.” किती समंजसपणे म्हणाला होता. समंजस माणसाशी भांडता येत नाही, हाच त्याचा त्रास. गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना झटका आला, लहानसाच, पण उजवा हात लुळा पडला. त्या महिन्यात किकुएनं आपणहून पुस्तकं कपाटावर चढवली होती, आणि उतरवली तेव्हा तो बघत होता. खूण करून ठेवली असेल तेव्हाच, लाल दोऱ्याची. आता कुपनांचं पुस्तक स्वतः लावून ठेवायचं, तेही उलट्या हातानं लिहून, म्हणजे बायकोला कळावं की मला कळलंय, आणि तरी तिला काही म्हणता येऊ नये. ते त्याच्याच स्वभावाचं होतं. दुसरंही एक होतं. तिच्या प्रबंधाचे खाडाखोड केलेले कच्चे कागद ती रद्दीच्या पेटीत टाकत असे, आणि ते नाहीसे होत होते. रद्दी जायच्या दिवशी पेटीत वर्तमानपत्रं तेवढी उरत. आधी वाटलं, मिओरीनं चित्रं काढायला घेतले असतील. मिओरी म्हणाली, “तुझे कागद? त्यावर इतकी फुल्यांची रांगोळी असते की चित्राला जागाच नसते. आई, परीक्षा तुझी आहे की माझी? माझ्यापेक्षा तुझेच डोळे सुजलेत.” म्हणजे तीही नाही. कागद जमवून काय करायचे असतील त्याला? दाखवायचे असतील. हे बघ, तीन महिन्यांत इतका कागद फुकट घालवलास.

त्याच संध्याकाळी भाताची वाटी पुढं करताना तो म्हणाला, “रविवारी जरा बसू या. तुझ्या त्या अभ्यासाबद्दल बोलायचंय.”

“आत्ता बोला ना.”

“रविवारी,” तो म्हणाला. आणि वाटीची कड बघितली.

सासूबाई, हात्सुनो, डाव्या हातात चमचा धरून मुकाट्यानं मिसोचं सार पीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. किकुएला वाटलं, यांना माहीत आहे. मग वाटलं, माहीत नसेल. मग रात्रभर दोन्ही वाटत राहिलं.

बुधवारी देवळात वर्षाचा मोठा सोहळा होता. डब्यांच्या कामावरून रजा काढून ती सासूबाईंना घेऊन गेली. देऊळ रिन्दोपासून दोन गल्ल्यांवर. गल्ल्यांत करवतीच्या दातांसारखी छपरं असलेले जुने माग-कारखाने, निम्मे बंद, निम्म्यांत आता गाड्या ठेवतात. किकुएच्या प्रबंधाचा विषय तेच कारखाने होते, आणि त्यांत डोंगरापलीकडून कामाला येणाऱ्या मुलींना मालक लोक मुद्दाम प्रवचनकार बोलावून धर्माच्या गोष्टी ऐकवत, ते. चौथ्या प्रकरणात तिनं लिहिलं होतं की या प्रवचनांनी मुलींना निमूट राबायला शिकवलं. ते वाक्य तिला आवडत असे. आज मात्र ओसरीवर चपला काढताना ते वाक्य खिशात काहीतरी चोरलेलं असावं तसं टोचलं.

प्रवचनकार म्हातारे होते, बुटके, उंच आसनावर चढवायला दोघांनी हात दिला. सुरुवातीला बोलले तेही साधंच, थंडी पडली, गुडघे दुखतात, मुळे यंदा चांगले आलेत. बायका हसल्या. मग कुठल्या शब्दापाशी बोलणं संपलं आणि गाणं सुरू झालं ते कुणाला सांगता आलं नसतं. आवाज एकदम वर गेला नाही. जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा एकेक पायरी टेकत, थांबत, दम घेत वर गेला, आणि वर पोचला तेव्हा सगळा सभामंडप त्याच्याबरोबर वर पोचलेला. त्यांच्या हातातला घडीचा पंखा मिटला की शांतता. पंखा उघडला की सगळ्या बायकांच्या ओठांतून आमिदा बुद्धाचं नाव पुटपुटत बाहेर पडे. ठरवून नव्हे, उकळत्या भांड्याचं झाकण वाफेनं हलावं तसं. किकुएनं या निरूपणांबद्दल अकरा ग्रंथ वाचले होते. समोर बसून ऐकताना तिच्या मानेवर काटा आला, आणि हे तळटिपेत कसं घालायचं ते तिला कळेना.

म्हातारबुवा गात होते ते आख्यान एका मागावरच्या मुलीचं होतं. तिचे धागे फार तुटत. जेवणाच्या सुटीहून ती परत येई तेव्हा मागावरचे तुटलेले धागे कुणीतरी गाठ मारून जोडून ठेवलेले असत. मुलीला राग आला. कोण हे? मुकादमाला दाखवायला, की हिला जमत नाही? शेजारणीवर संशय घेतला, पलीकडच्या बाईवर घेतला, जेवण टाकून खांबाआड लपून बसली. “धागा तुटला ते दिसेना गं,” बुवांचा आवाज खाली उतरला, अगदी कुजबुजीपर्यंत, “धागा तुटला ते दिसेना, गाठ तेवढी बोटाला बोचे. बोचते म्हणून तर कळतं, कुणीतरी बांधलीय!” बायकांच्या ओठांतून नाव बाहेर पडलं. किकुएचे डोळे भरून आले, आणि डोळे टिपायला रुमाल काढण्यासाठी ती खाली वाकली तेव्हा तिला सासूबाईंच्या मांडीशेजारची चपलांची पिशवी दिसली.

निळी कापडी पिशवी. वर पांढऱ्या पट्टीवर नाव. उकाई. मोठं, थोराड, आणि सगळ्या रेघांची जाड टोकं उजवीकडे.

बुवा पुढं काय गायले ते तिनं ऐकलं नाही. त्या मुलीला खांबाआडून कोण दिसलं, तेही नाही. मंडपात नाव उसळलं, ओसरलं, पुन्हा उसळलं. ती पिशवीकडे बघत होती. सासूबाईंचा डावा हात बाहीत ओढून घेतलेला होता. अंगठा तेवढा बाहेर, आणि अंगठ्याच्या पेरावर शाईचा डाग.

“आई, पिशवीवर नाव कुणी घातलं?” तिनं हळूच विचारलं.

“सेंटरच्या पोरींनी,” सासूबाई म्हणाल्या, आणि अंगठाही आत घेतला.

म्हणजे दोघं. एकटा तो नव्हे. आई आणि मुलगा. सगळं कसं झटकन जुळलं, मागावर ताणा जुळतो तसं. दर बुधवारी महिला मंडळ म्हणून या बाहेर पडतात, रिन्दो वाटेवरच आहे. आपण कुठं बसतो, काय खातो ते या जाऊन विचारतात आणि तो घरी बसून ऐकतो. रद्दीची पेटी यांच्याच खोलीबाहेर असते. आई हेर आणि लेक न्यायाधीश. रविवारची तारीख पडलेलीच आहे. आणि आपण चार वर्षं यांच्या भातात काटा येऊ नये म्हणून मासा बोटांनी चाचपून वाढला. तिला स्वतःच्या मनाची लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून ते थांबलं नाही. उलट लाजेनं त्याला जास्तच धार आली. एक वर्ष थांब, असंच म्हणेल तो. एकच तर वर्ष. ती अठराची असताना वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तिची आईही असंच म्हणाली होती, आणि त्या एका वर्षाची सव्वीस झाली होती. थांबणं काय असतं ते किकुएला माहीत होतं. आता थांबली की प्रबंध कपाटावर जाणार, आणि या खेपेला तो उतरणार नाही.

देवळातलं जेवण झालं. सासूबाई म्हणाल्या, “तू पुढं हो. मला मंडळाच्या बायकांबरोबर भांडी धुवायचीत.”

एका हातानं भांडी. किकुए ‘बरं’ म्हणाली, पायरी उतरली आणि दगडी दिव्याआड थांबली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, प्रबंधाची पिशवी छातीशी धरून, सासूच्या पाळतीवर. आख्यानातली मुलगीही खांबाआड अशीच लपली होती, हे तिच्या मनात येऊन गेलं. तिनं ते येऊन जाऊ दिलं. पाचेक मिनिटांनी सासूबाई एकट्याच बाहेर आल्या, काठी टेकत, इकडंतिकडं बघत. बघण्यात चोरटेपणा होता आणि त्याहून जास्त घाई होती. दोन गल्ल्या. रिन्दोचं दार. दाराची घंटा वाजली ती किकुएला रस्त्यापलीकडे ऐकू आली.

खिडकीतून दिसलं ते असं: कोपऱ्यातलं तिचंच टेबल. मास्टरनं न विचारता भिंतीवरून पुस्तक काढलं, तेच पुस्तक, कुपन फाडलं. न विचारता टोस्ट आणला, कडा कापून, लहान चौकोनी तुकडे करून. सासूबाईंनी एक तुकडा डाव्या हातानं उचलला आणि तोंडात घालण्याआधी डोळे मिटले. मग पिशवीतून कागद काढले. त्यांवरचा फुल्याफुल्यांचा मजकूर किकुएला लांबूनही ओळखू आला. तिचं चौथं प्रकरण होतं ते.

ती आत गेली. मास्टरनं तिला पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि मागच्या खोलीत काहीतरी विसरल्यासारखा निघून गेला.

सासूबाई दचकल्या. पहिल्यांदा त्यांनी कागद झाकले नाहीत, टोस्ट झाकला.

“तोशीला सांगू नकोस,” त्या म्हणाल्या.

किकुएनं येताना जुळवलेली सगळी वाक्यं या तीन शब्दांपुढं निरुपयोगी झाली.

“बस बस. उभी राहिलीस तर लोकांना वाटेल सासू-सुनेचं भांडण आहे. चांगलं असतं ते ऐकायला, पण आज नको.”

“आई, ते पुस्तक…”

“मीच लावलं. मेमध्ये कळलं मला. तुझ्या बाहीला लोण्याचा वास यायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी. वाचनालयात काय लोणी ठेवतात?”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर तू जायची थांबली असतीस. तुला थांबायची फार सवय आहे.” त्यांनी एक तुकडा तिच्याकडे सरकवला. “आणि मला यायचं होतं. पंधराव्या वर्षी मी त्या पलीकडच्या कारखान्यात आले. आत असा खडखडाट, की शेजारणीला ओरडून सांगितलं तरी ऐकू जायचं नाही. मालकाला गिऱ्हाइकाशी बोलायचं असलं की तो उठून कॉफीघरात यायचा. परत आला की त्याच्या कोटाला हा वास. आम्ही आठ-आठ माग बघायचो आणि तो कोट मधून चालत जायचा. साठ वर्षं मी तो वास नाकात घेऊन बसलेय, अगं. मला काय माहीत, तो इतका कडू असतो!”

किकुएला हसू आलं, मग तिनं कागदांकडे पाहिलं. “हे मला कधी सांगितलं नाहीत. मी दोन वर्षं याच मुलींवर लिहितेय.”

“तू विचारलं कुठं? तू वाचनालयात जायचीस.”

तिनं कागद ओढून घेतले. पाठीमागे ओळींवर ओळी एकच नाव, उकाई, उकाई, आधी नुसते फरकाटे, मग हळूहळू आकार धरलेलं, एकतीस रेघांचं ते अवघड नाव, डाव्या हातानं, उजवीकडून डावीकडे ओढलेल्या रेघांनी. पुढच्या बाजूला, तिच्या आवडत्या वाक्याच्या समासात, तशाच थोराड अक्षरात दोन ओळी होत्या. *अर्धं खरं. दिवसभर उभ्यानं काम, प्रवचनात बसायला मिळायचं.*

ती बराच वेळ ते वाचत राहिली. अकरा ग्रंथांत हे कुठंच नव्हतं. त्या मुली गुडघे दुमडून बसल्या असतील, कुणी पेंगल्या असतील, कुणी रडल्या असतील, आणि वर आसनावरचा आवाज पायरी पायरीनं चढत गेला असेल, त्यांच्या दुखऱ्या पोटऱ्यांवरून.

“आई, त्या आख्यानात शेवटी कोण निघतं? गाठ बांधणारं?”

“मला दरवेळी तिथंच झोप लागते,” सासूबाई म्हणाल्या. मग सगळ्यात खालचा कागद बाहेर काढला. हा रद्दीतला नव्हता, नीट घडी घातलेला. “हा बघ. मार्क दे. तू शिकलेली आहेस.”

सेंटरच्या बाईंना उद्देशून होतं ते. आठवड्याचे दोन दिवस आहेत ते चार करावेत, मला तिथं करमतं. खाली पूर्ण नाव.

“तुम्हाला तिथं मुळीच करमत नाही,” किकुए म्हणाली.

“ते फुगा मारायला लावतात,” सासूबाई एकदम उसळल्या. “गोल करून खुर्च्यांवर बसायचं आणि फुगा मारायचा, आणि मारला की टाळ्या! मी आठ माग सांभाळलेत मेल्यांनो, म्हणावं…” मग आवाज खाली आणला. “तोशी रविवारी म्हणणार आहे, आईला तिथं करमत नाही, तेव्हा तू घरी थांब. मला विचारून गेलाय. मी बरं म्हटलं, कारण तेव्हा माझं नाव नीट येत नव्हतं. आता येतं.”

रविवारी जेवण झाल्यावर तोशिमित्सुनं टेबल स्वतः पुसलं. मिओरी क्लासला गेली होती. तो बोलला ते सगळं सासूबाई म्हणाल्या होत्या तसंच, त्याच क्रमानं, त्याच समंजसपणे. आईचं वय. आईला सेंटर आवडत नाही. एक वर्ष. फक्त एक. किकुए ऐकत होती आणि तिला नवल वाटत होतं, की तिचा ‘एक वर्ष थांब’चा संशय खरा निघाला होता आणि तरी तिला त्याचा काही आधार वाटत नव्हता. माणूस वाईट नव्हता. कंटाळलेला होता, काळजीत होता, आणि दोष कुठं आहे ते दाखवत होता, इतकंच.

सासूबाईंनी घडी केलेला कागद टेबलावर ठेवला.

त्यानं वाचला. एकदा, दोनदा. मग उठून खिडकीशी गेला आणि कागद उजेडापुढं धरला, काचेवर ताका धरतो तसा. पाठमोऱ्या उभ्या असलेल्या त्याच्या मानेवरून किकुएला सगळं कळलं. या आठवड्यात दोन दिवस तिची मानही संशयानं अशीच ताठली होती.

“हे आईचं अक्षर नाही,” तो म्हणाला. “आईचा हात चालत नाही. किकुए, हे तू लिहिलंयस. ओळखू येऊ नये म्हणून उलट्या हातानं.”

मंगळवारी किकुएनं मनाशी हेच म्हटलं होतं, याच शब्दांत, त्याच्याबद्दल.

“पेन दे,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तू मध्ये…”

“पेन दे, तोशी.”

त्यांनी डाव्या मुठीत पेन धरलं, लहान मूल चमचा धरतं तसं. उजवा हात कागदावर वजन म्हणून ठेवला. तो आता तेवढ्याच कामाचा होता. पहिली रेघ उजवीकडे टेकली, शाई जमली, आणि डावीकडे ओढत गेली. थांबल्या. श्वास घेतला. दुसरी. नावातल्या पक्ष्याच्या चित्राक्षरापाशी पेन अडलं, तोशिमित्सुचा हात आपोआप पुढे झाला, सासूबाईंनी मान हलवली आणि तो मागे गेला. किकुए एकेक रेघ त्यांच्याबरोबर ओढत होती, मनातल्या मनात. तिला मंडपातला तो आवाज आठवत होता, एकेक पायरी टेकत वर जाणारा. तिच्या ओठांतून आमिदाचं नाव बाहेर पडलं तेव्हा ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही; तोशिमित्सुनं तिच्याकडे पाहिलं म्हणून कळलं.

शेवटची रेघ संपली. सासूबाईंनी पेन खाली ठेवलं, ते घरंगळत गेलं.

तोशिमित्सुनं दोन्ही नावं शेजारी शेजारी धरली. तो बराच वेळ बघत होता. अठ्ठावीस वर्षांचा तपासनीस; एकच दोष दोन जागी सारखा पडला तर त्याचा अर्थ काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

“माग एकच आहे,” तो शेवटी म्हणाला. मग खाली बसला. आईकडे वळून म्हणाला, “तुला खरंच करमतं तिथं?”

“लिहिलंय ना.”

“बरं. मंगळवारी फोन करतो सेंटरला.” त्यानं किकुएकडे पाहिलं नाही, कागदाची घडी घातली, आणि घडीवरून बोट फिरवत राहिला. “प्रबंध कधी द्यायचाय तुला?”

“वीस डिसेंबर.”

“चहा कर गं,” तो म्हणाला.

“मला कॉफी,” सासूबाई म्हणाल्या.

त्यानं मान वर केली. “आई? तू कॉफी कधीपासून घेतेस?”

किकुए उठली, पाणी ठेवलं. चौथं प्रकरण आता पहिल्यापासून लिहावं लागणार होतं, एका महिन्यात, आणि कुणाला विचारून लिहायचं ते शेजारीच बसलं होतं. बोटाला गाठीसारखं काहीतरी बोचत होतं आणि तिला ते काढायचं नव्हतं. भांड्यातलं पाणी हळूहळू बोलू लागलं. तिनं वळून पाहिलं तेव्हा तोशिमित्सु अजून आईच्या तोंडाकडे बघत होता, दोष शोधत. सासूबाई सरळ बसल्या होत्या, भिंतीकडे नजर लावून, जसं काही झालंच नाही. फक्त टेबलाखाली, मुलाला दिसणार नाही असा, त्यांचा डावा हात मांडीवरून पुन्हा पुन्हा हलकेच वर उडत होता, तळवा आकाशाकडे, समोर फुगा असावा तसा.